कळी शिजेपर्यंतचं गाणं

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर घड्याळ आहे, पण ते बस गाठणाऱ्यांसाठी. शेगडीवरच्या पदार्थांना ते लागू नाही. पोंगलसाठी, म्हणजे इथल्या मऊ खिचडीसाठी, तांदूळ आणि मूगडाळ परतायची तर एक भूपाळी, जलद लयीत. रताळी उकडायची तर देवीचं पद, दोन चरणं. गुळाचं पाणी उकळायचं तर नुसतं ध्रुपद तीनदा. माझ्या सासूबाई जन्मभर असाच स्वयंपाक करत आल्या. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "अम्मा, सुरण किती वेळ शिजवायचा?" त्या म्हणाल्या, "लाली संपेपर्यंत." लाली म्हणजे देवाला झोपवताना म्हणायचं गाणं. मला ते येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला कुठलंच गाणं येत नव्हतं. सुरांच्या बाबतीत मी ठार दगड आहे आणि आमच्या सगळ्या गल्लीला ते ठाऊक आहे.

पहिल्या वर्षी नारळ खवताना मी सहज काहीतरी गुणगुणले. अम्मांनी शांतपणे माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "पुरे गे," म्हणाल्या, "नारळ नासेल." सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं ते लागलंच. मी गणित शिकवते, पापनाशमच्या एका शाळेत, आणि वर्गात पन्नास पोरं माझ्या आवाजानं गप्प होतात. घरात मात्र त्या दिवसापासून सव्वीस वर्षं मी भाज्या चिरल्या, शेंगा सोलल्या, नारळ खवले, सगळं तोंड मिटून.

आम्ही तंजावरचे मराठी. किती पिढ्या झाल्या हे कुणी मोजलेलं नाही. मी हे लिहिते आहे ती मराठी पुस्तकातली आहे. हिंदीच्या परीक्षांसाठी देवनागरी शिकले, मग तिच्या जोरावर मराठी पुस्तकं वाचत गेले. घरातली मराठी वेगळी, तमिळच्या हेलाची. ती ऐकून पुण्याचे पाहुणे आधी हसतात आणि मग "किती गोड!" म्हणतात. मला दोन्हीचा सारखाच राग येतो. अम्मांना देवनागरी येत नाही. त्यांची सगळी मराठी गाणी एका जाड वहीत तमिळ अक्षरांत लिहिलेली आहेत, आणि त्या वहीकडं त्यांनी गेल्या तीस वर्षांत एकदाही पाहिलं नसेल.

मार्गळी, म्हणजे आपला धनुर्मास, हा अम्मांचा महिना. थंडी इथं ती काय असणार! पहाटे एक शाल पुरते, पण आमच्या गल्लीतले पुरुष कानटोप्या घालून असे फिरतात की बघणाऱ्याला वाटावं बर्फ पडलाय. गल्लीच्या टोकाला एक छोटा मठ आहे. महिनाभर रोज पहाटे तिथं दहा-पंधरा माणसं भजनाला जमतात, आणि आरतीच्या आधी नैवेद्य आमच्या घरून जातो. नवा तांदूळ नुकताच आलेला असतो. बाजारात लाल भोपळे, रताळी, बोटाएवढे मातकट कंद, पावट्याच्या हिरव्या शेंगा, पानांसकट ओली हळद. या सगळ्यांतून अम्मांचा आवाज यायचा. मी डोळे चोळत स्वयंपाकघरात शिरायचे तेव्हा त्यांची भूपाळी निम्मी झालेली असायची आणि तूप तापलेलं असायचं. मी ते ऐकायचे म्हणजे काय, पंख्याचा आवाज ऐकतो तसं ऐकायचे. आहे, चालू आहे, एवढंच.

आणि मार्गळीनंतर यायचा तिरुवैयारुचा उत्सव. कावेरीच्या काठी, कर्नाटक संगीतातल्या एका मोठ्या संतांच्या समाधीपुढं, शेकडो गाणारे एकत्र बसून त्यांच्या रचना म्हणतात. अम्मा बारा वर्षांच्या असल्यापासून तिथं जात. व्यासपीठावर कधी गेल्या नाहीत, जायचंही नव्हतं. बायकांच्या सातव्या-आठव्या ओळीत मांडी घालून बसायचं आणि सगळ्यांबरोबर म्हणायचं. त्या सकाळसाठी त्या वर्षभर तब्येत सांभाळायच्या. दिवाळीपासून दही बंद, थंड पाणी बंद. मी एकदा म्हटलं, "अम्मा, एवढ्या गर्दीत तुमचा आवाज कुणाला ऐकू जाणार?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांचा आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, आलं-मध झालं. शेवटी तिरुचीला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. घशात, स्वरतंतूवर, एक गाठ होती. वाईट नव्हती, पण काढायलाच हवी होती. डिसेंबरच्या सुरुवातीला ती काढली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बजावलं, चार आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही, आवाज न काढता नुसते ओठसुद्धा हलवायचे नाहीत. मी विचारलं, "आणि गाणं?" त्या म्हणाल्या, "आधी मौन नीट पाळू द्या. मग बघू."

बघू! हा शब्द मला पोरांच्या पालकांना सांगायला बरा वाटतो, ऐकायला नाही. मी बोटांवर मोजलं. चार आठवडे संपल्यावर तिरुवैयारुला अजून तीन आठवडे उरत होते. म्हणजे अम्मांनी तोंड मिटून ठेवलं तर जानेवारीच्या शेवटी त्या आपल्या ओळीत बसून गाऊ शकतील. मी घरी येऊन जाहीर केलं की या घरात अम्मांच्या मौनाची जबाबदारी माझी. नवरा म्हणाला, "म्हणजे आता वर्गातली बाई घरीही."

मुलीची जुनी पाटी माळ्यावरून काढली. अम्मा तिच्यावर तमिळ अक्षरांत मराठी लिहायच्या आणि मी उलट्या बाजूनं वाचायला शिकले. पहिले काही दिवस बरे गेले. मग मार्गळी लागला. पहिल्याच पहाटे अम्मा नेहमीसारख्या न्हाऊन, ओचा बांधून शेगडीपुढं उभ्या राहिल्या. त्यांनी तांदूळ-डाळ कढईत घातली, उलथनं फिरवलं, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. त्यांना कळतसुद्धा नव्हतं. मी ओरडले, "अम्मा! ओठ!" त्या दचकल्या, थांबल्या. दोन मिनिटांत पुन्हा तेच. तोंड आवळून धरलं तर हात थांबायचा, हात चालवला तर तोंड. तिसऱ्यांदा मी त्यांच्या हातातलं उलथनं घेतलं आणि शेगडी बंद केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तेव्हा स्वतःचा राग आला, पण उलथनं मी परत दिलं नाही.

आता स्वयंपाक माझ्याकडं आला. मला वाटलं, त्यात काय मोठंसं? मुलीनं दोन वर्षांपूर्वी अम्मांची चार-पाच गाणी फोनवर घेऊन ठेवली होती. मी ती लावली, मिनिटं-सेकंद मोजले, आलेखाच्या कागदावर तक्ता केला आणि फ्रिजला चिकटवला. भूपाळी इतकी मिनिटं, लाली इतकी, पद चार चरणं इतकी. दुसऱ्या दिवशी फोनवर गजर लावून पोंगल केला. काय झालं? डाळ करपलेली आणि तांदूळ कच्चा, दोन्ही एकाच भांड्यात. मठातल्या लोकांनी देवाचा प्रसाद म्हणून मुकाट्यानं खाल्ला. अम्मांनी एक चमचा तोंडात घातला आणि पाटीवर लिहिलं, "गाणं भांड्याकडं बघतं. घड्याळ बघत नाही."

मी ते दोनदा वाचलं. सव्वीस वर्षं मी समजत होते की अम्मा गाण्यानं वेळ मोजतात. तसं नव्हतंच. वास लवकर सुटला की त्या लय वाढवायच्या, दाणा कडक असला की चरण लांबवायच्या. एकच भूपाळी रोज वेगळ्या मापाची असायची. हे मी कुठल्या तक्त्यात मांडणार होते?

अम्मांनी पाटी पुसली आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मग स्वतःच्या गळ्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं.

"मी? अम्मा, मी म्हणू? नारळ नासेल!"

त्या आवाज न करता हसल्या, पण बोट खाली केलं नाही.

असा माझा गाण्याचा वर्ग सुरू झाला. मी शेगडीपुढं उभी, अम्मा दाराशी पाटावर, मांडीवर ताल धरून. हात सावकाश पडला की मी सावकाश, हात घाईनं पडला की घाईनं. सूर हरवला की त्या डोळे मिटून घ्यायच्या. बहुतेक वेळ डोळे मिटलेलेच असायचे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मामींनी कुंपणावरून तमिळमध्ये विचारलं, घरात कुणाला बरं नाही का. मी म्हटलं, सगळे ठणठणीत आहेत, मीच गात्ये. मामी म्हणाल्या, "अय्यो," आणि आत गेल्या.

पण पोंगल जमायला लागला. पाचव्या-सहाव्या दिवशी मी भूपाळीचं दुसरं चरण म्हणत होते आणि वास बदलला. तो आधी मला कधी कळला नव्हता. मी आपोआप लय वाढवली. दाराशी अम्मांचा हातही त्याच क्षणी वाढला. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. लाजत सांगते, मला त्या दिवशी शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. आणि हेही सांगते की त्या दिवसांत घर मला आवडायला लागलं होतं, कारण कुणी मला टोकू शकत नव्हतं. माणूस असा असतो, त्याला काय करणार?

मग तिरुवादिरै आली. हा सण आमच्या वाडवडलांनी इथल्या शेजाऱ्यांकडून घेतला. त्या दिवशी सात भाज्यांची पातळभाजी आणि कळी करतात. कळी म्हणजे तांदळाचा गोड सांजा: तांदूळ तांबूस भाजायचे, भरड रवा काढायचा, तो गुळाच्या उकळत्या पाण्यात बारीक धारेनं सोडत ढवळायचा, नारळ, वेलची, तूप घालायचं, आणि झाकण ठेवून मंद आचेवर वाफवायचा. झाकण ठेवलं की देवीचं पद, सबंध, चारही चरणं. मध्ये झाकण उघडायचं नाही. वाफ गेली तर दाणा कच्चा राहतो आणि मग कितीही शिजवा, तो तसाच. आमच्या घरची कळी खायला गल्लीतले सगळे येतात. अम्मांच्या हातची कळी कधी बिघडली आहे असं कुणी सांगणार नाही.

मौनाचा तो अठरावा दिवस होता. शाळेला नाताळची सुट्टी होती, म्हणून मी निवांत होते. रवा गुठळी न होता पडला. झाकण ठेवलं. पद सुरू केलं. पहिलं चरण झालं, दुसरं झालं. एवढ्यात नवरा आंघोळ करून, मठात न्यायची फुलांची परडी घेऊन दारात आला आणि म्हणाला, "जरा हळू म्हण की. शेजारच्या मामी मला विचारत होत्या, तुमच्याकडं रोज पहाटे कोण ओरडतं?"

झालं! माझं डोकं फिरलं. मी वळून म्हटलं, "मग तुम्ही म्हणा! तुमच्याच आईची गाणी आहेत. पन्नाशी उलटली, एक तरी ओळ पाठ आहे का? नैवेद्य गिळायला मात्र सगळ्यांत पुढं." तो हसायला लागला, त्यामुळं मी आणखी चार वाक्यं ऐकवली. तो परडी सांभाळत पळाला. फाटकाचा आवाज आला. मी शेगडीकडं वळले. मी कुठल्या चरणावर होते? भांडताना मनात तिसरं चालूच होतं की थांबलं होतं? किती वेळ गेला? वास काही सांगेना, कारण संतापात मी नाकानं फुरफुरत होते. गणिताची बाई, आणि मोजणी चुकले.

"अम्मा," मी म्हटलं, "तिसरं झालं का हो? आता चौथं का?"

अम्मा दाराशी पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बोटं दाखवली असती तरी भागलं असतं. हे मला फार उशिरा सुचलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पाठ सरळ केली, आणि चौथं चरण म्हणायला सुरुवात केली.

मोठ्यानं. आवाज काढून.

पहिला स्वर खरवडत आला. पुढच्या शब्दावर तो मोकळा झाला. तोच आवाज, खालच्या बाजूला जाड, वर जाताना किंचित नाकातला. त्यांच्यात आणि माझ्यात तीन पावलांचं अंतर होतं. माझा हात उचललासुद्धा गेला होता. त्यांच्या तोंडावर हात ठेवायचा, किंवा झाकण काढून टाकायचं, किंवा नुसतं ओरडायचं, "अम्मा, नको!" कळी ती काय, बिघडली तर बिघडली. मौनाची जबाबदारी माझी, असं मीच छाती पुढं काढून सांगितलं होतं ना?

मी हात खाली घेतला आणि ऐकत राहिले.

अकरा दिवस मी तेच पद म्हणत होते. कुठं माझा श्वास तुटतो, कुठं मी शब्द गिळते, कुठल्या वळणावर माझा सूर घसरून भलतीकडं जातो, हे सगळं मला आता पाठ होतं. त्या प्रत्येक ठिकाणी अम्मा कशा जातात हे मी बघत होते. जिथं मी धापा टाकते तिथं त्या थांबल्या, जरा विसावल्या आणि पुढं गेल्या. इतकं सोपं? इतकं सोपं आणि इतकं सुंदर काहीतरी रोज माझ्या पाठीमागं चाललं होतं आणि मी शेंगा सोलत बसले होते! मला रडू आलं. चरण संपलं. अम्मा थांबल्या नाहीत. पुन्हा ध्रुपदावर आल्या, एकदा साधं, एकदा फिरवून, एकदा अगदी वर चढवून. वरचा स्वर लागला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

मग स्वतःच उठल्या, आल्या आणि शेगडी बंद केली. तेव्हा कुठं मला करपल्याचा वास आला. झाकण काढलं तर कळी वरून मोत्यांसारखी सुटी, आणि खाली बोटभर काळा थर. अम्मांच्या पदावर शिजलेली कळी तळाला लागली होती. मला वाटलं, इतक्या दिवसांत सवय मोडली म्हणून त्यांचा अंदाज चुकला असेल. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, कुणाला सांगू नको. वरची वरची कळी नैवेद्याला गेली, गल्लीनं वाहवा केली. खालची खरवड आम्ही दोघींनी भांड्यातच बोटांनी काढून खाल्ली. करपलेला गूळ कडवट-गोड लागतो.

उरलेले दहा दिवस अम्मांनी ओठसुद्धा हलवला नाही. तिरुचीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "मौन पूर्ण पाळलं?" अम्मांनी जोरात मान हलवली. मग बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हो." पोरांनी कॉपी केली तर मी बाकावर उभी करते, आणि इथं डॉक्टरांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले.

बोलणं परत आलं. जरा खालच्या पट्टीत, पण स्वच्छ. घरात आनंदी आनंद झाला. मुलीनं बंगळूरहून फोनवर आजीला दहा वेळा बोलायला लावलं. दुसऱ्या दिवशी अम्मांनी देवघराचं दार आतून लावून घेतलं. मी बाहेर हातात दुधाचं भांडं घेऊन उभी होते. आतून षड्ज आला. मग दोन पायऱ्या वर. मग आवाज फाटला. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच. चौथ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दूध उतू गेलं की तुझ्या हातात." भांड्यात दूध होतं तेवढंच होतं. त्यांना माझ्याकडं बघायचं नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बोलण्यापुरतं छान झालंय, वरचे स्वर आता येणार नाहीत. एका गाण्यानं असं होतं का, हे विचारायला मला तोंड नव्हतं. विचारलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. मी विचारलं नाही. पोंगलचा सण आला, ऊस आला, नव्या मडक्याला हळदीचं पान बांधलं. मी सगळं केलं. रात्रंदिवस तीच तीन पावलं दिसायची. एका भांडणापायी, एका भांडंभर सांज्यापायी, आणि माझ्या कानांच्या हावेपायी मी अम्मांचा आवाज घालवला, असं मला स्वच्छ वाटत होतं.

उत्सवाच्या दिवशी अम्मा म्हणाल्या, जायचं. नवऱ्याला ऑफिसातून सुट्टी मिळेना. मी कधीच गेले नव्हते, दगडानं तिथं जाऊन काय करायचं? या वर्षी मी रजा टाकली. सकाळच्या बसनं गेलो. मांडवात त्या आपल्या जागी, सातव्या ओळीत बसल्या, मी शेजारी. बासरी झाली आणि मग सगळे एकदम गायला लागले. शेकडो गळे. अम्मा ताठ बसल्या होत्या, हातानं ताल देत, तोंड मिटून. पलीकडची बाई दरवर्षीची ओळखीची असावी. ती तमिळमध्ये म्हणाली, "म्हणा की मामी!" अम्मांनी हसून मान हलवली. तासभर त्यांनी एक चूक होऊ न देता ताल धरला. मी एकदाही त्यांच्याकडं सरळ पाहू शकले नाही.

नंतर आम्ही कावेरीच्या पायऱ्यांवर बसलो. मी डबे उघडले, दहीभात आणि रसवांगी, छोट्या वांग्यांची. अम्मा जेवायला लागल्या. मी भात चिवडत होते, आणि मग मला राहवेना.

"अम्मा, त्या दिवशी मी तुमच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता," मी म्हटलं. "तीन पावलं तर होती. मी नुसती ऐकत उभी राहिले. माझ्यामुळं गेलं तुमचं गाणं. डॉक्टरांनाही मी खोटं सांगितलं."

अम्मांनी तोंडातला घास संपवला. हात धुतला, पदराला पुसला.

"कळी खाली लागत होती ते मला कळत नव्हतं असं वाटतं की काय तुला?" त्या म्हणाल्या.

मी भात चिवडायची थांबले.

"आपरेशनच्या आधल्या दिवशी डॉक्टरीणबाईनं मला एकटीला सांगितलं होतं. बोलाल, गाणं कठीण. तुम्हाला सांगू नका असं मीच म्हटलं. तुम्ही सगळी तोंडं पाडून बसला असता, आणि माझा मार्गळी वाया गेला असता." त्या जरा थांबल्या. बोलताना त्यांना आता मध्ये थांबावं लागतं. "त्या दिवशी आत थोडा आवाज आहे असं वाटलं. म्हटलं, आहे तोवर म्हणावं. चरण संपलं तेव्हा उठणारच होते मी. वर पाहिलं तर तू उभी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कान देऊन ऐकत होतीस."

मी डबा मांडीवर ओढून घेतला.

"मग कळीचं काय एवढं," अम्मा म्हणाल्या. "तिथं थांबले असते तर तुझं ऐकणं अर्धं राहिलं असतं."

पायऱ्यांवर माणसं येत-जात होती. मी दहीभाताचा डबा मांडीवर धरून, त्या सगळ्यांसमोर, लहान पोरासारखं भोकाड पसरलं. अम्मांनी मला थांबवलं नाही.